नंबर जुळला पाहिजे

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. दुकानात शिरायचं, काट्यावरचं वजन उचलून उलटं करायचं, बुडाला सरकारी शिक्का आहे का ते भिंगातून बघायचं. असला तर ठेवायचं, नसला तर जप्त. किलोचं वजन खरोखर किलोभर भरतं की नाही, हा त्यांच्या लेखी दुय्यम प्रश्न. "शिक्का आहे ते वजन, बाकीचं नुसतं लोखंड," असं ते जेवतानासुद्धा सांगायचे. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना हातातलं घड्याळ दिलं. घरी आल्यावर त्यांनी आधी त्याचं मागचं झाकण उघडून आतला नंबर पावतीशी ताडून बघितला. मी पदरचं सांगत नाही, ताई शेजारीच उभी होती.

माझा धंदा इंजिनांचा. गाडीचं इंजिन झिजलं की गॅरेजवाले ते माझ्या शेडमध्ये आणून टाकतात. मी सिलिंडर बोअर करतो, क्रँक घासतो, ब्लॉकचा माथा वाकडा झाला असेल तर मशीनवर सरफेस मारून सपाट करून देतो. मला लोखंड कळतं. शिक्क्यांशी माझं देणंघेणं नाही. तेव्हा आम्हा दोघांचं कधी जमणार नव्हतंच, पण ताईचं तोंड बघून पंचवीस वर्षं रेटलं.

मग दाजी निवृत्त झाले आणि त्यांना गाडीचं वेड लागलं.

गाडी नानांची. नाना म्हणजे दाजींचे वडील. त्यांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. आसपासच्या चार गावांतल्या दंतवैद्यांना ते स्वतः गाडी चालवत कवळ्या पोचवायचे, मागच्या सीटवर डब्यात कापसात गुंडाळलेली हसरी तोंडं घेऊन. पेट्रोल परवडेना तेव्हा त्यांनी मूळचं इंजिन काढून एका मिस्त्रीला विकलं आणि गाडीत डिझेलचं बसवलं. व्यवहारी माणूस. पुढे तेही झिजून भंगारात गेलं, नानांचे हातही थरथरू लागले, आणि गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर चढली. तिला वीस वर्षं कोणी विचारलं नाही.

दाजींना कोणीतरी जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांचा एक क्लब दाखवला. रिकामटेकड्यांची मोठी सोय असते ही. तिथे तीन परीक्षक येतात, गाडीखाली आडवे होतात, आणि गाडी सर्वार्थाने मूळची ठरली तर 'अस्सल' असं कोरलेली पितळी पाटी देतात. पहिली अट ही, की इंजिनावर ठोकलेला नंबर गाडीच्या नोंदणीपुस्तकातल्या नंबराशी जुळला पाहिजे. बस्स. ज्याने आयुष्यभर वजनांची बुडं बघितली, त्याला स्वर्गच सापडला.

नेमकं त्याच महिन्यात नानांच्या डोळ्यांचं कळलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, नजर कडेकडेने विझत जाईल, तीन-चार वर्षं हाताशी आहेत असं धरा. नाना ऐकून घेऊन घरी आले आणि ताईला म्हणाले, "सूनबाई, माझं एकच मागणं आहे. दिसतंय तोवर एकदा आपल्या गाडीतून नदीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ. खिडकी उघडी ठेवून. पुलावर गाडी चढली की एकदम पाणी चमकतं, ते बघायचंय."

मागून मागितलं काय, तर दोन मैलांची चक्कर.

माझ्या शेडमध्ये त्याच कंपनीचं, त्याच सालातलं, त्याच जातीचं इंजिन होतं. मी स्वतः उभं केलेलं, शिवणाच्या मशीनसारखं चालणारं. मी दाजींना बोलावलं. म्हटलं, चार दिवसांत बसवून देतो, रविवारी नानांना पुलावर न्या. दाजी आले. खिशातून भिंग काढलं, दुसऱ्या खिशातून चिंधी. नंबर पुसून बघितला आणि ताठ उभे राहिले.

"हे नाही."

"दाजी, नानांना नंबर बघायचा नाहीये, नदी बघायचीये."

"मग भाड्याची गाडी करता येईल," ते म्हणाले. "आपली गाडी आपल्याच इंजिनावर चालणार. नाहीतर ती आपली कशी?"

मी इंजिनावर ताडपत्री टाकली आणि पुढल्या महिन्यात ते दुसऱ्या गिऱ्हाईकाला दिलं. त्या गिऱ्हाईकाची गाडी अजून धावतेय.

मग सुरू झाला शोध. मिस्त्री कधीच वारला होता. त्याच्या मुलाने सामान कुणाला विकलं, त्याने पुढे कुणाला, असा धागा धरत दाजी भंगारवाड्यांतून फिरू लागले. जुन्या बाजारांत, बंद पडलेल्या गॅरेजांत, एकदा तर तीनशे मैलांवरच्या एका मासळीच्या बंदरात. जाताना एक पिशवी. तिच्यात तारेचा ब्रश, रॉकेलची बाटली, चिंध्या, भिंग आणि नोंदणीपुस्तकाची झेरॉक्स. प्रत्येक इंजिनाची नोंद फायलीत, तारखेसकट. आणि नंबर? तो जो भेटेल त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. व्हायचं तेच झालं. एका भंगारवाल्याने पंधरा दिवसांत निरोप पाठवला, साहेब, तुमचं इंजिन सापडलं, या घेऊन जा.

दाजी गेले, मलाही ओढून नेलं. नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे. दाजींनी भिंग लावलं, मिनिटभर बघितलं आणि भंगारवाल्याला म्हणाले, "चारचा आकडा ठोकताना तुमचा हात हलला. कंपनीचा चार वर उघडा असतो, हा मिटलेला आहे. आणि खाचेच्या आत गंज नाही, गंजाचा रंग आहे. कालच्या चहाचं पाणी लावलंत का?" भंगारवाला खाली बघायला लागला. खोटं सांगणार नाही, त्या दिवशी मला दाजींचा अभिमान वाटला. परतीच्या वाटेवर त्यांनी दोन तास खोट्या शिक्क्यांचे प्रकार समजावून सांगितले, तेव्हा कुठे तो उतरला.

इकडे घरात नानांचं वेगळंच चालू झालं होतं. ते पुढच्या खोलीत खिडकीशी बसायचे आणि मधूनच म्हणायचे, "दुपारी मला माझ्या गाडीचा आवाज येतो." गाडी तर शेजारी विटांवर, आत इंजिनाच्या जागी उंदरांचा संसार. दाजींनी ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग नानांना डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने गोळ्या दिल्या. नाना गोळ्या घ्यायचे आणि दुपारी पुन्हा म्हणायचे, "आली बघ. तिसऱ्या सिलिंडरची उचकी ऐक." ताई बिचारी ऐकल्यासारखं करायची. मीही एकदा हसलो होतो, ते आठवलं की अजून लाज वाटते.

अशी चार वर्षं गेली. आधी नानांना बाजूने येणारं माणूस दिसेना, मग पेपर वाचता येईना, मग दारात उभ्या माणसाला ते "कोण?" म्हणून विचारू लागले. दाजींच्या फायली तीन झाल्या.

नानांना न्हाणीघरात धरायला लाकडी दांडी हवी, म्हणून ताई एका दुपारी घरामागच्या दोन गल्ल्या ओलांडून लाकडाच्या वखारीत निघाली. चालणं होईल म्हणून नानांनाही हाताला धरून सोबत घेतलं. वखारीत मोठी करवत चालू होती. ओंडका कापून झाला, करवत मोकळी फिरू लागली, आणि नाना जागच्या जागी थांबले.

"सूनबाई, हीच. उचकी दिली बघ."

ताईने वखारवाल्याला विचारलं. करवत कशावर चालते? तो म्हणाला, आहे एक जुनं गाडीचं इंजिन, वडिलांनी एका मिस्त्रीकडून घेतलं होतं, रॉकेलवर चालतं, मरता मरत नाही. ताई तिथूनच दाजींना फोन करून बोलावते, तर दाजी म्हणतात, "वखारीत गाडीचं इंजिन कुठून असणार? नानांच्या नादी लागू नकोस." शेवटी ताईचा आवाज चढला तेव्हा आले, पिशवीसकट. भुश्याचा थर ब्रशने काढला, रॉकेल ओतलं, चिंधी फिरवली. नंबर जुळला. चारचं तोंड वर उघडं.

तीनशे मैलांवरची मासळी हुंगून आलेला माणूस, आणि इंजिन रोज दुपारी त्याच्याच खिडकीत ओरडत होतं. लाजेने मान खाली जावी की नाही? दाजींनी तिथेच फाइल उघडून तारीख घातली आणि 'शोध पूर्ण' असं लिहिलं. कोणी शोधलं ते लिहिलं नाही.

वखारवाल्याला त्याबदल्यात विजेची मोटर बसवून दिली आणि इंजिन माझ्या शेडमध्ये आलं, मागोमाग गाडीही ओढून आणली. मी ते उघडलं. ती उचकी कसली, तेही कळलं. हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणात, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत ओतकामातच राहिलेला एक उंचवटा होता. घासून काढणं दहा मिनिटांचं काम. मी काढला नाही. बाकी बोअर केलं, क्रँक घासला, आणि ब्लॉकच्या माथ्यावर पोलादी पट्टी ठेवून बघितली तर खालून उजेड आरपार. वखारीत इंजिन थंड ठेवायला विहिरीचं खारट पाणी घालायचे, त्याने वर्षानुवर्षं तापून तापून माथा वाकला होता, जागोजाग खाल्ला गेला होता. सरफेस मारल्याशिवाय हेड बसणार नाही, आणि हेड नीट बसलं नाही तर पाणी सिलिंडरमध्ये जाणार.

आणि नंबर होता त्याच माथ्याच्या कडेला, बोटभर जागेवर, त्याच पातळीत. मशीन फिरलं की आकडे गेले.

मी दाजींना बोलावून पट्टी ठेवून दाखवलं. त्यांनी खाली वाकून तो उजेड स्वतः बघितला. मग म्हणाले, "दोन गॅस्केट एकावर एक लाव."

ब्लॉक आणि हेड यांच्यातली फट बुजवणारी ती पातळ चकती दुहेरी लावली. स्टँडवर इंजिन चार मिनिटं चाललं आणि कडेने पाण्याची पिचकारी दाजींच्या शर्टावर उडाली.

"मग असंच बसव," शर्ट पुसत ते म्हणाले.

"असंच म्हणजे?"

"गाडीत बसव. रंगव. चालू करायचं नाही."

"दाजी, इंजिन आहे ते. चालू नाही करायचं तर काय पूजायचं?"

"परीक्षक इंजिन चालवून बघत नाहीत," ते शांतपणे म्हणाले, "नंबर बघतात. तू माथ्याला हात लावायचा नाहीस. मी लेखी देतो हवं तर." आणि खरंच कागद काढून लिहून दिलं, सही केली, तारीख टाकली. तो कागद मी ठेवलाय. कधी कुणाला माणसाच्या अकलेचं दिवाळं बघायचं असेल तर दाखवीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. शेडमध्ये ती सहसा येत नाही, तेलाचा वास तिला सोसत नाही. स्टुलावर बसली. "आज सकाळी नानांनी चहाचा कप टेबलावर ठेवला," ती म्हणाली, "टेबलाच्या पुढे. टेबल तिथे नव्हतंच. कप फुटला तर मला म्हणाले, सूनबाई, आवाजावरून निळा कप वाटतो. आणि हसले." ती ब्लॉककडे बघत राहिली. "ह्यावर हात फिरवला की सपाट होईल?"

"हात नाही, मशीन. तासाभराचं काम. पण नंबर जाईल."

"तासून टाक."

"ताई, दाजी जन्मात माझ्याशी बोलणार नाहीत."

"आत्ता बोलतात तेव्हा तरी काय बोलतात? तास तू. त्यांचं मी बघते."

मी ब्लॉक मशीनवर बांधला. चालू करण्याआधी एक काम केलं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. कागद नंबराच्या जागेवर धरून वरून पेन्सिल घासली. आकडे एक एक करून कागदावर उमटले, उघड्या तोंडाच्या चारसकट. कागद खिशात घातला आणि मशीन सोडलं. पहिल्या फेरीत आकडे फिकट झाले, दुसऱ्या फेरीत सावलीएवढे राहिले, तिसऱ्या फेरीनंतर माथ्यात माझं तोंड दिसत होतं. शपथेवर सांगतो, मला मजा आली. आणि मग खिशातला कागद जागेवर आहे ना, ते दोनदा चाचपून बघितलं. दाजींनी चार वर्षं रॉकेलात हात बुडवले होते ते त्या नखाएवढ्या आकड्यांसाठी.

ताईने त्यांचं बघितलं ते असं, की आठ दिवस त्यांना शेडकडे फिरकू दिलं नाही. रविवारी सकाळी इंजिन गाडीत बसलेलं होतं, गाडी दारात उभी होती, आणि नाना धुतलेला शर्ट घालून शेजारच्या सीटवर बसले होते. मी चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. पाय सैल सोडला तशी तिसऱ्या सिलिंडरने उचकी दिली.

नानांनी समोरच्या पत्र्यावर हात ठेवला.

आवाज ऐकून दाजी बाहेर आले. अंगात बनियन, हातात भिंग. नुसतं चालू इंजिन बघूनच त्यांना कळलं असणार, पण त्यांनी बॉनेट उचललं, वाकले, कडेला चिंधी फिरवली, भिंग लावलं. मग पुन्हा लावलं. सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

मी खिशातला कागद पुढे केला. "पेन्सिलीने उतरवून ठेवलाय. पुरावा राहील."

"असे कागद आम्ही पोत्याने जप्त केलेत," ते म्हणाले. आवाज चिरकला होता. "काय केलंस तू? आता हे आपलंच आहे, हे कशावरून म्हणायचं? कोणाला सांगायचं? यावर आहे काय आता?"

"कोण ओरडतंय?" नाना खिडकीतून म्हणाले. "तूच ना? इकडे ये."

दाजी खिडकीपाशी गेले. नानांनी हात बाहेर काढून चाचपडत त्यांचा दंड धरला.

"दोन वर्षं झाली, मला तुझा चेहरा दिसत नाही," नाना म्हणाले. "तू खोलीत आलास की मला कळतं. पाय टाकण्यावरून, खाकरण्यावरून कळतं. आजवर कधी चुकलोय? तुझ्यावर कुठे नंबर ठोकलाय?"

दाजी तसेच बनियनवर गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "उतर." मी उतरलो. त्यांनी भिंग आणि चिंधी माझ्या हातात दिली आणि स्टिअरिंगवर बसले. ताई मागे बसली. दारातच त्यांनी दोनदा इंजिन बंद पाडलं, तिसऱ्यांदा गाडी हलली. नानांनी कान लावून सांगितलं, "आता दुसरा," आणि दाजींनी निमूटपणे दुसरा गिअर टाकला. कोपऱ्यापर्यंत मला ऐकू येत होतं, "आता तिसरा. सावकाश. हां."

तासाभराने परत आले. नाना खुशीत होते, खिडकीतल्या वाऱ्याने केस उभे राहिलेले. मला म्हणाले, "पाणी बघितलं रे. काय चमकत होतं!" दाजी माझ्याकडे न बघता घरात गेले. आजतागायत ते माझ्याशी बोलत नाहीत. पाटीही मिळाली नाही. परीक्षक आले, वाकले, नाकं मुरडून गेले.

पुलावर काय झालं ते मला ताईने सांगितलं. नदी दोन उन्हाळ्यांपासून कोरडी आहे, वर धरण झाल्यापासून. हे मलाही माहीत होतं, दाजींनाही. पात्रात वाळू चाळणाऱ्यांच्या झोपड्या आहेत, त्यांच्या छपरांचे पत्रे उन्हात चमकत होते. गाडी पुलावर चढली तसे नाना खिडकीतून बाहेर वाकले आणि म्हणाले, "चमकतंय ते पाणीच ना रे?"

दाजींनी गाडी कडेला घेतली. ताई म्हणते, ते बराच वेळ त्या पत्र्यांकडे बघत होते. ज्या माणसाने जन्मात शिक्क्याशिवाय कशाला खरं म्हटलं नाही, तो शेवटी म्हणाला, "हो नाना. पाणीच आहे. काठोकाठ भरलंय."

चार वर्षांपूर्वी माझं इंजिन बसवलं असतं तर तेव्हा नदीला खरंच पाणी होतं, आणि नानांना ते कोणाला विचारावं लागलं नसतं.